सोनाळ्याच्या मुक्कामी : सेवेचा प्रवास कुणाच्या पैशाने?

शेगावला गाडीतून उतरलो तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. आमच्याबरोबर उतरलेली बहुतेक मंडळी दर्शनाला जाणारी होती. आम्ही दोघे मात्र पिशव्या सावरत एसटी स्टँडकडे वळलो. भुसावळहून आम्ही निघालो होतो ते सोनाळ्याला, ताईच्या घरी. तिने फोनवर एवढेच सांगितले होते, "भाऊ, एकदा येऊन जा. पोरीचं काही तरी ठरवाचं हाय. वहिनीलेही आन."

भाचीच्या लग्नाचे काही असेल, असा आमचा अंदाज. पण तो साफ चुकला.

शेगावहून वरवट बकालकडे जाताना पूर्णा नदी लागते. या नदीच्या दोन्ही अंगांना खारपाण पट्टा पसरला आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतील शेकडो गावांचे भूजल खारट आहे. विहीर खणावी, पाणी लागावे, आणि ते तोंडात धरवू नये, अशी या भागाची जुनी कथा. संग्रामपूर, जळगाव जामोद आणि शेगाव या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या आजाराने घरेच्या घरे हैराण झालेली आहेत. वान धरणाच्या पाण्यावर १४० गावांची पाणीपुरवठा योजना झाली ती या दुखण्यामुळेच. बसमध्ये आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते डायलिसिस करून परत निघाले होते. आठवड्यातून दोन दिवस त्यांचे याच रस्त्यावर जातात. "आता कंडक्टरच घरचा झाला," असे ते हसत म्हणाले. आम्हाला मात्र हसता आले नाही.

वरवट बकालहून पुढे निघालो की समोर सातपुडा दिसू लागतो. सोनाळा हे गाव डोंगराच्या पायथ्याचे. संग्रामपूर तालुका बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, आणि सोनाळा त्याही टोकाला. पुढे डोंगरात अंबाबरवा अभयारण्य, ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेले. डोंगरातली कोरकू, निहाल, भिलाला माणसे बाजाराला खाली उतरतात. कापूस फुटला होता, तुरी फुलावर होत्या. रस्त्याकडेच्या वावरात बायका ओटीत कापूस वेचत होत्या. त्यांतच ताई असेल असे आम्हाला वाटले, आणि खरेच होते. दुपारी आम्ही घरी पोचलो तेव्हा दाराला कडी होती. शेजारच्या काकूंनी किल्ली दिली आणि म्हणाल्या, "बसा, येतेच ते. आज तोलाई हाय."

संध्याकाळी सारे घर जमले. ताई, भाऊजी, धाकटा भाचा, आणि अकोल्याहून रजा घेऊन आलेली भाची. वाचकहो, ही आमची भाची म्हणजे या घराचा अभिमान. बारावीनंतर तिने शिष्यवृत्तीवर परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला. आता अकोल्यात एका खासगी दवाखान्यात ती नोकरी करते. पगार थोडा, काम भरपूर. भाकरी, पिठले आणि मिरचीचा ठेचा असे जेवण झाले. मग तिने पेटीतून एक कागद काढून आमच्यापुढे ठेवला.

कागद इंग्रजीत होता, गुळगुळीत आणि रंगीत. आफ्रिकेतल्या एका देशात पंधरा दिवसांची 'वैद्यकीय सेवा-यात्रा', हसऱ्या मुलांची छायाचित्रे, शेवटी प्रमाणपत्र. आणि तळाशी बारीक अक्षरात रक्कम : १ लाख ७५ हजार रुपये, त्यांपैकी ४० हजार नाव नोंदवतानाच भरायचे, ते परत मिळणार नाहीत.

भाऊजी हळूच म्हणाले, "दीड एकर हाय. गहाण ठेवू म्हणतो."

आम्ही काही बोललो नाही. ताईच मातीच्या जमिनीवर बोटाने रेघा ओढत हिशोब करू लागली. वेचणीचा दर किलोला १० रुपये. दिवसभर वाकून ४० किलो वेचला जातो, म्हणजे ४०० रुपये. १ लाख ७५ हजारांसाठी १७५ क्विंटल कापूस वेचावा लागेल. चारशे सदतीस दिवस, तेही एक दिवस खाडा न करता आणि एक पैसा न खाता. वेचणी तर वर्षातले दोन-तीन महिनेच.

"पोरीनं मागितलं नसतं," ताई म्हणाली, "मीच म्हटलं, भाऊले इचारू."

आमच्या तोंडून पटकन निघून गेले, "कशाला हा उपद्व्याप? आपल्यालाच कुणी मदत करावी अशी आपली स्थिती, आणि आपण निघालो परदेशी मदत करायला!"

भाची उठून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. "मामा, लहानपणापासून आमी घेतच आलो. फुकट वह्या घेतल्या, शिष्यवृत्ती घेतली, शिबिरातल्या गोया घेतल्या. आमच्यासारख्याईनं जन्मभर घेतच राह्याचं काय? द्याचं कधीच नाई?"

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. तिचा प्रश्न खरा होता आणि आमचे उत्तर कोते होते. ज्यांच्या हाताला शतकानुशतके कुणी हात लावू दिला नाही, त्यांच्या लेकीला कुणा अनोळखी आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवावासा वाटतो, यापेक्षा मोठी गोष्ट कोणती? मग अडचण तिच्या इच्छेत नव्हती. अडचण त्या कागदात होती. सकाळी चहा घेताना आम्ही तिला आधी 'माझे चुकले' असे म्हटले, आणि मग दोन जुन्या हकीकती सांगितल्या. त्याच येथे मांडतो.

पहिली हकीकत १९३८ सालची. जपानने चीनवर स्वारी केली होती. चिनी सेनापती चू-ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टर धाडण्याची विनंती केली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी ३० जून १९३८ रोजी लोकांना आवाहन केले. ७ ते ९ जुलै असे तीन दिवस देशभर चीनसाठी निधी गोळा झाला आणि २२ हजार रुपये जमले. त्यातून पाच डॉक्टरांचे पथक आणि एक रुग्णवाहिका चीनला गेली. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. आणि दोघे आपल्या महाराष्ट्रातले : नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून त्यांची बोट सुटली. आपला देश तेव्हा स्वतः पारतंत्र्यात होता, तरी त्याने दुसऱ्याच्या जखमेसाठी खिशात हात घातला. आमच्या भाचीच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर. देण्यासाठी आधी श्रीमंत व्हावे लागत नाही.

कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते. चीनमध्ये असतानाच त्यांचे वडील वारले. पथकातले इतर डॉक्टर एकेक करून परतले, पण हे राहिले. चिनी भाषा शिकले, आघाडीजवळ शस्त्रक्रिया केल्या. १९४१ साली डॉ. बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. तिथेच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. मुलगा झाला, त्याचे नाव इन्हुआ, म्हणजे भारत आणि चीन एकत्र. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. आजही चीनमध्ये त्यांची समाधी जपलेली आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. तो जुन्या मंडळींनी पाहिलाही असेल.

दुसरी हकीकत उलट्या दिशेची, आणि आपल्या घरची. १९८० साली इंग्लंडमधल्या काही बौद्धांनी 'एड फॉर इंडिया' नावाची संस्था काढली. पुढे तिचे नाव 'करुणा ट्रस्ट' झाले. तिथले तरुण-तरुणी काही आठवडे एका घरात एकत्र राहत आणि रोज संध्याकाळी एकेका गल्लीत दारोदार फिरत. दार वाजवायचे, भारतातल्या वस्त्यांविषयी सांगायचे, आणि दरमहा थोडी ठरावीक रक्कम द्याल का, असे विचारायचे. कुणी दार लावून घेई, कुणी चहाला बोलावी. त्या थेंबाथेंबाच्या पैशातून पुण्यात दापोडीसारख्या वस्त्यांमध्ये दवाखाने, बालवाड्या, मुलांची वसतिगृहे असे काम उभे राहिले. पद्मासुरी नावाची एक ब्रिटिश परिचारिका १९८० च्या दशकात पाच वर्षे पुण्यातल्या आपल्या लोकांमध्ये राहिली. परत गेल्यावर तिने त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले.

भाची ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे थेही लोकाईच्या पैशानंच गेले."

हो. दोन्ही वेळेला पैसा लोकांचाच होता. पण जाणाऱ्याच्या आईने शेत गहाण ठेवले नव्हते. आणि दोन्ही वेळेला आणखी काही गोष्टी सारख्या होत्या. त्या आम्ही तिला वहीत लिहायला सांगितल्या.

पहिली, बोलावले कुणी? चीनला डॉक्टर गेले ते चीनने मागितले म्हणून. ज्या दवाखान्यात जायचे त्याचे नाव काय, त्यांनी परिचारिका मागितली आहे का, हे कागदावर असले पाहिजे.

दुसरी, पैसा कुणाचा आणि जातो कुठे? खरी सेवा-संस्था जाणाऱ्याकडून फी घेत नाही, उलट खर्च करते. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था १९७१ साली फ्रान्समध्ये निघाली. तिला १९९९ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही संस्था निवडलेल्या डॉक्टर-परिचारिकांचा प्रवास, राहणे, विमा बघते आणि मानधनही देते. तिचा नव्वद टक्क्यांहून जास्त पैसा जगभरच्या सामान्य देणगीदारांकडून येतो. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक विभाग जर्मनीतल्या बॉन शहरातून चालतो. तोही अर्जाला पैसे मागत नाही आणि निवड झाली की निर्वाहभत्ता देतो. मात्र अशा ठिकाणी दोन-तीन वर्षांचा अनुभव आणि इंग्रजी किंवा फ्रेंचसारखी भाषा लागते. पंधरा दिवसांत तिथे कुणी जात नाही.

तिसरी, तिथे रुग्णाला हात लावण्याची परवानगी आहे का? आपल्याकडे परदेशी डॉक्टरला धर्मादाय कामासाठीही सरकारी परवानगीवाचून रुग्ण तपासता येत नाहीत. इतर देशांतही परिचारिकेची नोंदणी लागते. परवानगी नसेल तर पंधरा दिवस फक्त छायाचित्रे निघतील. म्हणून आपल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवणे हे पहिले काम.

चौथी, आपण निघून आल्यावर काय? कोटणीस राहिले म्हणून त्यांचे काम राहिले.

चौथा प्रश्न ऐकताच भाऊजी म्हणाले, "हे तर आपल्याच गावचं झालं." मग त्यांनी सांगितले. मागे गावात कुणा बाहेरच्या मंडळींचे एक दिवसाचे शिबिर झाले होते. मांडव, हारतुरे, भाषणे. आजीला रक्तदाब निघाला, आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या. नवव्या दिवशी काय करायचे, हे कुणी सांगितले नाही. आजीला वाटले आजार बरा झाला. पुढच्या पावसाळ्यात तिची एक बाजू गेली. तो मांडव घालणारे वाईट नव्हते. ते फक्त परत आले नाहीत.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी पंधरा दिवस जाऊन आली असती त तिथंही एक आजी अशीच राह्यली असती."

संध्याकाळी आम्ही विहारात गेलो. बचत गटाच्या बायका जमल्या होत्या. कुणी कापूस वेचून आलेली, कुणाच्या पायाला अजून माती. वंदना झाल्यावर ताईने विषय काढला. एक म्हातारी आई म्हणाली, "बाबासाहेबही त गेलेच ना परदेशी!"

गेले, पण कसे गेले तेही आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या पैशाला अट होती. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार त्यांनी सही करून दिला होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा १९१७ मध्ये त्यांना लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा निघाले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज, अशी ती जुळवाजुळव होती. त्यांना नेमके काय शिकायचे ते ठाऊक होते, आणि पैशाला कोणती अट आहे तेही ठाऊक होते. आपण मात्र गुळगुळीत कागदावर न वाचता सही करतो. शिक्षणासाठी काढलेले कर्ज मिळकतीतून फिटते. सेवेला मिळकत नसते, म्हणून सेवेसाठी शेत गहाण ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

"मंग पैसा आणाचा कुठून?" कुणीतरी विचारले.

आम्ही म्हटले, आधी बोलावणे येऊ द्या. चांगल्या संस्थेचे बोलावणे आले तर तिकिटाचा प्रश्न बहुधा उरत नाही. उरतात ते बारीकसारीक खर्च. पासपोर्टची साधी फी १५०० रुपये. आफ्रिकेतल्या अनेक देशांना पीतज्वराची लस आणि तिचे पिवळे पुस्तक लागते. ती लस ठरलेल्या सरकारी केंद्रांवरच मिळते आणि एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालते. निवड होण्याआधी भाषेच्या वर्गाची फी. आणि सगळ्यांत मोठा, पण कुणीच न मोजलेला खर्च म्हणजे ती नसताना घरात येणारा तिचा पगार. एवढ्यासाठी गाव पुरेसे आहे. जयंतीची वर्गणी आपण दारोदार मागतोच. तिचा जमाखर्च विहारात वाचून दाखवतो. तसाच एक वेगळा डबा, वेगळी वही, प्रत्येक रुपयाची पावती. पैसे तिच्या हातात द्यायचे नाहीत, फी परस्पर भरायची. आणि ती परत आली की तिने याच विहारात बसून काय केले ते सांगायचे. डबा एकीसाठी नसावा. उद्या दुसऱ्या घरची पोर निघेल.

एक बाई शंका काढत म्हणाल्या, "आपल्या गावात किडनीचे पेशंट, अन् पैसा परदेशी?" ही शंका टाळण्यासारखी नाही. त्यावर भाचीनेच उत्तर दिले. ती म्हणाली, "पह्यले इथंच शिकतो, काकू. डायलिसिसचं काम शिकतो. मले ते येत नसन त तिकडं जाऊन तरी काय करू?"

आम्हाला ते पटले. सोनाळ्याहून उत्तरेला डोंगर चढला की मेळघाट. तिथे बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने आयुष्य काढले. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. रवींद्र कोल्हे मूळचे शेगावचे, म्हणजे याच जिल्ह्याचे. गडचिरोलीत हेमलकसा आहे, शोधग्राम आहे. परक्या भाषेत दुखणे समजून घेणे, विजेशिवाय रात्र काढणे, आहे त्या औषधात भागवणे, हे सारे तिथे शिकायला मिळते. आणि परदेशी संस्था अर्जात विचारतात ती हीच गोष्ट. कोरकू बाईचे बाळंतपण ज्या परिचारिकेने निभावले, तिला जगात कुठेही पाय रोवता येतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. स्टँडवर भाची पोचवायला आली होती. तिने त्या कागदावरच्या नंबरला आमच्यासमोर फोन लावला आणि वहीतले चार प्रश्न एकेक करून विचारले. पलीकडच्या माणसाने दवाखान्याचे नाव सांगितले नाही. ते पैसे भरल्यावर कळेल म्हणाला. तिने शांतपणे फोन ठेवला. चेहरा पडला होता, हे खोटे कशाला सांगावे? वर्षभर उराशी धरलेले स्वप्न तिने त्या स्टँडवर खाली ठेवले. पण कागद फाडला नाही. मागच्या कोऱ्या बाजूला तिने चार प्रश्न पुन्हा लिहिले आणि घडी करून ठेवला.

आठ दिवसांनी ताईचा फोन आला. भाची रजा संपवून अकोल्याला गेली होती आणि डायलिसिस विभागात बदली मागितली होती. इंग्रजीच्या वर्गाची चौकशीही चालली होती. आणि विहारात डबा ठेवला गेला होता. पहिल्या संध्याकाळी त्यात कुणी ५ रुपये टाकले, कुणी २०. ताईने १० टाकले. "एका किलोचे," ती म्हणाली.

वाचक भगिनी-बंधूंनो, तुमच्याही घरात एखादी परिचारिका, एखादा डॉक्टर, एखादा औषधनिर्माता शिकत असेल. त्याला किंवा तिला असे रंगीत कागद येतील. तेव्हा 'आपल्याला हे कसे परवडणार' असे आमच्यासारखे म्हणू नका, आणि शेतही गहाण ठेवू नका. समोर बसवा, चार प्रश्न विचारा. उत्तरे खरी निघाली, तर सारी वस्ती मिळून त्याला पोचवायला स्टँडवर जा.